बरंवाईट : आत्महत्येभोवतीचा कलंक आणि मोबाइल अ‍ॅप

आत्महत्या हा शब्द मराठी बोलण्यात सहसा थेट येत नाही. कुणी ‘जीव दिला’ म्हणते, कुणी ‘संपवून घेतलं’ म्हणते. चावडीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे चालणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘जिवाचं बरंवाईट केलं’. या जोडशब्दातले ‘बरं’ फक्त ‘वाईट’ची धार बोथट करण्यापुरते असते. छापील मराठीत मात्र ‘आत्महत्या केली’ असे सरळ येते. त्या शब्दात ‘हत्या’ असल्यामुळे गेलेला माणूस एकाच वेळी बळीही ठरतो आणि गुन्हेगारही. आडवळणाने बोलणे आणि गुन्ह्याच्या भाषेत बोलणे ही एकाच कलंकाची दोन रूपे आहेत. तो कमी करण्यासाठी गेल्या दहाबारा वर्षांत मोबाइलचा वापर सुरू झाला. या प्रयोगांतला एक महत्त्वाचा प्रयोग नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, मराठी बोलणाऱ्या गावांत झाला.

कलंक म्हणजे नुसती लाज नव्हे. तो तीन ठिकाणी राहतो. पहिला लोकांच्या नजरेत : ज्या घरात अशी घटना घडली त्या घराची सोयरीक जुळताना अडखळते, म्हणून घरचे लोक ‘हार्ट अटॅक आला’, ‘पाय घसरला’ असे सांगून मोकळे होतात. दुसरा त्या माणसाच्या स्वतःच्या मनात : मरणाचे विचार येणे हेच आपल्या नालायकीचे लक्षण, असे त्याला वाटते, आणि ज्या क्षणी बोलायला हवे नेमक्या त्याच क्षणी तो गप्प बसतो. तिसरा कायद्यात आणि दप्तरात. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा होता. दीडशेहून अधिक वर्षे ही स्थिती टिकली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ ने हा दृष्टिकोन उलटा केला : प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी मानायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ ची जागा घेणारे सर्वसाधारण कलमच नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबाबतचे कलम २२६ तेवढे आहे. कायदा बदलला, पण ‘पोलीस येतील’ ही धास्ती गावातून गेलेली नाही. दवाखान्यात ‘चुकून झालं’ असे सांगण्याची पद्धत तशीच चालू आहे.

या चुकवाचुकवीचा परिणाम आकड्यांवरही होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साठी देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. त्यांपैकी सर्वाधिक २२,७४६ महाराष्ट्रात आणि १३,६०६ कर्नाटकात होत्या. ही नोंद पोलिसांकडे आलेल्या मृत्यूंची आहे. लपवलेले मृत्यू तिच्यात येत नाहीत, आणि प्रयत्न करून वाचलेल्यांची मोजदाद तर जवळपास होतच नाही. गुन्ह्यांची नोंद ठेवणारे खातेच या मृत्यूंचीही नोंद ठेवते, हा योगायोग नव्हे. तोही जुन्या नजरेचाच अवशेष आहे.

कलंक मोजता येतो का? ऑस्ट्रेलियातील फिलिप बॅटरहॅम, अ‍ॅलिसन कॅलिअर आणि हेलन क्रिस्टेन्सन यांनी त्यासाठी एक मापनपट्टी तयार केली, आणि ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आत्महत्येने मरण पावणाऱ्या माणसांना कोणती विशेषणे लागू पडतात, एवढाच साधा प्रश्न तिच्यात विचारलेला असतो. विशेषणांचे गट तीन आहेत. भेकड, मूर्ख, बेजबाबदार अशी विशेषणे कलंक दाखवतात. एकटा, हरवलेला, तुटलेला अशी विशेषणे एकाकीपणाची समज दाखवतात. तिसऱ्या गटात शूर, उदात्त, निष्ठावान असे शब्द येतात. तिसरा गट पाहून प्रथम गोंधळ उडतो. ‘भेकड’ म्हणणे थांबवायचे, तर ‘शूर’ म्हणणे चांगले का नाही?

सगळी अडचण याच प्रश्नात आहे. कलंक पुसण्याच्या भरात आत्महत्येला तेज चढले, तर नुकसान दुप्पट होते. माध्यमांमुळे पसरणाऱ्या अनुकरणावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्याची उलटी बाजू व्हिएन्नाचे संशोधक थॉमस नीडरक्रोटेन्थालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडली : संकटातून कुणी कसा सावरला, याच्या बातम्यांनंतर आत्महत्यांचे प्रमाण घटलेले दिसते. मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या ऑपेरातला पापागेनो मरायला निघतो आणि तिघा मुलांनी दुसरी वाट दाखवल्यावर परततो. त्याच्या नावावरून या परिणामाला पापागेनो परिणाम म्हणतात. म्हणजे पुसायचा आहे तो मदत मागण्यावरचा, वाचलेल्यावरचा आणि मागे राहिलेल्या कुटुंबावरचा कलंक. कृत्याभोवतीची भीती हलकी करायची नाही. भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठी घालून दिलेली तत्त्वे हेच सांगतात : पद्धतीचे वर्णन नको, जागेचा तपशील नको, मथळ्यात सनसनाटी नको, हेल्पलाइनची माहिती हवी. अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही ही चौकट लागू पडते, पण ती फार थोड्यांनी वाचलेली दिसते.

कलंक कशाने उतरतो, यावरही अभ्यास आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन यांनी २०१२ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माहिती देणे आणि ज्याने मानसिक आजार सोसला आहे अशा माणसाची गाठ घालून देणे, या दोन्ही उपायांनी फरक पडतो. किशोरवयीनांमध्ये माहिती अधिक चालते, तर प्रौढांमध्ये गाठभेट. आणि समोरासमोरची भेट चित्रफितीतल्या भेटीपेक्षा भारी पडते. मोबाइल प्रकल्पांची आखणी करणाऱ्यांसाठी हे शेवटचे वाक्य जरा अडचणीचे आहे. पडद्यावरचा माणूस खऱ्या माणसाइतका परिणाम करत नसेल, तर पडदा कशाला?

पेठमध्ये या प्रश्नाला दिलेले उत्तर असे, की पडदा खऱ्या माणसाच्या हातात द्यायचा. पेठ हा गुजरातच्या सीमेला लागून असलेला आदिवासीबहुल तालुका. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तिथल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबवला. डॉ. सौमित्र पाठारे आणि डॉ. कौस्तुभ जोग ही त्यामागची प्रमुख नावे. प्रकल्पाचा पाया डॉक्टरांवर नव्हता. तो बचत गट आणि शेतकरी मंडळांवर होता, कारण गावात कुणाच्या घरी काय चालले आहे ते त्यांना आधीपासून माहीत असते. स्वयंसेवकांचे दोन थर होते. ‘मित्र’ आपल्या वस्तीतला खचलेला माणूस ओळखून त्याची गाठ घालून देत. ‘चॅम्पियन’ त्याच्या घरी जाऊन चार-सहा बैठकींत समुपदेशन करत. ते उपदेश करत नसत. ऐकून घेणे, अडचणीचे तुकडे करून एकेक सोडवणे, बंद पडलेली रोजची कामे पुन्हा चालू करायला मदत करणे, एवढेच त्या बैठकींत होते. गरज पडली तर ते सरकारी दवाखान्यात पाठवत. निराधार योजनेचे पैसे किंवा तत्सम हक्क अडलेले असतील, तर त्यासाठीही मदत करत.

चॅम्पियनच्या हातात एक स्वस्त स्मार्टफोन असे आणि त्यात ‘आत्मीयता’चे अ‍ॅप. त्याचा पहिला उपयोग प्रशिक्षणाचा होता, कारण एकदा झालेले प्रशिक्षण विसरले जाते, आणि अ‍ॅपमुळे ते पुन्हा पुन्हा पाहता येई. दुसरा उपयोग अधिक मनोवेधक होता. अ‍ॅपमध्ये दहा-दहा मिनिटांच्या छोट्या चित्रफिती होत्या. दारू, घरातली मारझोड, बेरोजगारी, कुटुंबातले ताण असे त्यांचे विषय. चॅम्पियन त्या गावातल्या लहान गटांना फोनवर दाखवी आणि मग गप्पा सुरू होत. गोष्ट दुसऱ्या कुणाची असल्यामुळे ‘माझ्या घरात असे आहे’ असे म्हणावे लागत नाही. ‘त्या बाईचं बरोबर होतं का?’ एवढेच विचारायचे असते, आणि उत्तर देता देता माणूस आपल्या घराबद्दल बोलू लागतो. कीर्तनकार शतकानुशतके हेच करत आले आहेत. आख्यान रामायणातले, टोला गावच्या पाटलाला.

इथे एक फरक नोंदवायला हवा. ‘आत्मीयता’ हा मानसिक ताण आणि नैराश्य कमी करण्याचा प्रकल्प होता, खास आत्महत्येचा नव्हे. पुढे हेच प्रारूप गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यातल्या ६४५ गावांत तपासले गेले, तेव्हा चॅम्पियनची मदत मिळालेल्यांमध्ये सावरण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. पुण्याच्या याच केंद्राने नंतर आत्महत्या-प्रतिबंधाकडे मोहरा वळवला. मुंबईसारख्या शहरांतील तरुणांसाठी गोव्याच्या ‘संगाथ’सह हाती घेतलेल्या ‘आउटलिव्ह’ या उपक्रमात प्रशिक्षित तरुण स्वयंसेवक समवयस्कांशी लेखी चॅटवर बोलतात. नाव सांगावे लागत नाही, आवाज ओळखला जाण्याची भीती नाही, आणि शेजारच्या खोलीत आई असली तरी तिला काही ऐकू जात नाही. फोनवर बोलण्यापेक्षा टाइप करणे सोपे वाटणाऱ्या पिढीसाठी हा मार्ग नैसर्गिक आहे. वरवर पाहता पेठचे अ‍ॅप आणि शहरातले चॅट ही दोन टोके : एकात ओळखीचा माणूस, दुसऱ्यात अनोळखी. पण दोन्हीकडे पडद्यापलीकडे माणूसच आहे.

आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात जॉर्ज इन्स्टिट्यूटच्या पल्लब मौलिक आणि सहकाऱ्यांनी ‘स्मार्ट मेंटल हेल्थ’ या नावाने आशा कार्यकर्तींच्या हाती टॅब्लेट दिले. आशाताईंनी घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारायचे आणि नैराश्याचा किंवा स्वतःला इजा करण्याचा धोका दिसला, तर ती नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे जायची. डॉक्टरच्या टॅब्लेटवर पुढे काय करावे याची मार्गदर्शिका असे. मात्र तंत्राआधी गावात कलंकविरोधी मोहीम झाली : पत्रके, नाटक, आणि मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्तीने स्वतः सांगितलेल्या अनुभवाची चित्रफीत. मोहीम संपल्यानंतर दोन वर्षांनीही मदत घेण्याविषयीचा संकोच कमी झालेला टिकून होता, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. नंतर आंध्र व हरियाणात मिळून ४४ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात याची मोठी चाचणी झाली. तंत्रापेक्षा क्रम महत्त्वाचा आहे : आधी लाज सैल करायची, मग प्रश्न विचारायचा. उलट केले तर आशाताईला दारातूनच ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ हे उत्तर मिळते.

तुलनेसाठी विदर्भाचे उदाहरण उपयोगी आहे, कारण तिथे अ‍ॅप नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘संगाथ’ आणि नागपूरची ‘प्रकृती’ या संस्थांनी ‘विश्राम’ प्रकल्प राबवला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त त्याचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. गावकरी कार्यकर्ते, लहान बैठका आणि प्राथमिक केंद्रात पोचलेली सेवा यांनी हे घडले. शेतकऱ्याने ‘मला नैराश्य आहे’ असे म्हणायची गरज नव्हती. ‘टेन्शन आहे’ म्हटले तरी पुरे होते. ‘टेन्शन’ हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेतला, पण त्याला कलंक चिकटलेला नाही, हा त्याचा मोठा गुण. वेड, खूळ, डोक्यावर परिणाम या शब्दांपेक्षा तो फार सौम्य आहे आणि कुणालाही तोंडातून काढता येतो.

मात्र सौम्य शब्दाची एक मर्यादा लवकर येते. मिशेल टोरोक यांच्या नेतृत्वाखाली २०२० मध्ये झालेल्या एका आढाव्यात स्वतःहून वापरायच्या डिजिटल साधनांचे १६ अभ्यास आणि सुमारे ४,४०० सहभागी एकत्र तपासले गेले. साधनांचे दोन गट होते : आत्महत्येच्या विचारांशी थेट भिडणारी आणि नैराश्य कमी करून त्यामार्गे आत्महत्येचे विचार घटतील अशी आशा धरणारी. थेट भिडणाऱ्या साधनांनी असे विचार थोडे, पण निश्चित कमी झाले. आडवळणाने जाणाऱ्यांचा परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. ‘टेन्शन’ने दार उघडते. आत गेल्यावर मात्र खरा शब्द उच्चारावा लागतो. आत्महत्येबद्दल विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते, ही भीती डॉक्टरांमध्येही आढळते. ती निराधार असल्याचे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. ‘कधी जगूच नये असं वाटलं का?’ हा प्रश्न ऐकून बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते, कारण कुणीतरी त्यांच्याआधी तो शब्द उच्चारलेला असतो.

या दृष्टीने अ‍ॅपच्या नावांकडे पाहणे गमतीचे आहे. ‘आउटलिव्ह’, ‘आत्मीयता’, सरकारी ‘टेली मानस’, बंगळुरूत २०१६ मध्ये तयार झालेला पेंग्विनचे चित्र असलेला ‘वायसा’ : एकाही नावात आत्महत्या नाही. फोनच्या पडद्यावर दिसणारे चिन्ह घरच्यांनी पाहिले तर काय, या विचारातून हे घडते आणि ते योग्यही आहे. पण कलंकाशी लढायला आलेले साधन स्वतः कलंकापासून लपून राहते, हा त्यातला विरोधाभास कुणाला टाळता आलेला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला किंबरली भागातल्या आदिवासी तरुणांसाठी ब्लॅक डॉग इन्स्टिट्यूटने ‘आयबॉब्ली’ हे अ‍ॅप तयार केले. नाव तिथल्या एका अभिवादनावरून घेतले, आणि चित्रे, आवाज, गोष्टी तिथल्याच. ६१ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले : नैराश्य आणि मनस्ताप घटला, पण आत्महत्येच्या विचारांत तुलनागटापेक्षा निर्णायक फरक दिसला नाही. चाचणी लहान होती. तरीही मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात जायला लाजणारे तरुण हे अ‍ॅप वापरत राहिले, ही बाब कलंकाच्या दृष्टीने मोलाची मानली गेली.

सरकारी पातळीवर भारतात दोन सारख्या नावांमुळे गोंधळ होतो. ‘मानस’ हे अ‍ॅप १४ एप्रिल २०२१ रोजी आले. निम्हान्स बंगळुरू, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि सी-डॅक यांनी मिळून ते बनवले होते. ‘टेली मानस’ ही १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ हा तिचा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक, आणि मराठीसह अनेक भाषांत तिथे बोलता येते. तिचे अ‍ॅप बरोबर दोन वर्षांनी, १० ऑक्टोबर २०२४ ला आले, आणि व्हिडिओवरून सल्ल्याची सोय ज्या राज्यांत प्रथम सुरू झाली त्यांत कर्नाटक होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आत्महत्या प्रतिबंध धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे, आणि अशा सेवा त्या धोरणाचा भाग आहेत.

मराठीत मात्र कलंकाला सर्वांत जास्त धक्का कदाचित अ‍ॅपने नव्हे, तर यूट्यूबने दिला असावा. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ची ‘आवाहन’ ही वाहिनी मनाच्या आजारांवर सहज मराठीत बोलते, आणि तिच्या चित्रफिती व्हॉट्सॲपवरून नात्यागोत्यात फिरतात. मावशीने भाचीला ‘हे बघ जरा’ म्हणून पाठवलेली दहा मिनिटांची चित्रफीत कुठल्याही अ‍ॅपच्या सूचनेपेक्षा जास्त ऐकली जाते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या खचलेल्या तरुणाला कुणी उपदेश करत नाही, त्याला थोडी जागा आणि वेळ दिला जातो. पापागेनो परिणामाचे याहून चांगले मराठी उदाहरण शोधणे कठीण.

अ‍ॅपमधले दोष गंभीर आहेत. २०१९ मध्ये लॉरा मार्टिनेंगो आणि सहकाऱ्यांनी नैराश्य व आत्महत्या-प्रतिबंधाची ६९ अ‍ॅप तपासली. तज्ज्ञांनी सांगितलेले सहाही उपाय फक्त ५ अ‍ॅपमध्ये होते. सहा अ‍ॅपमध्ये संकटकालीन हेल्पलाइनचा क्रमांकच चुकीचा होता, आणि त्यांतली काही दहा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतलेली होती. ज्याने धीर गोळा करून आयुष्यात एकदाच फोन लावला आणि तो लागलाच नाही, तो दुसऱ्यांदा लावण्याची शक्यता किती?

दुसरा दोष खासगीपणाचा. ब्रिटनमधील ‘समॅरिटन्स’ या जुन्या आणि आदरणीय संस्थेने २९ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘रडार’ नावाचे अ‍ॅप काढले. आपण ट्विटरवर ज्यांना अनुसरतो, त्यांच्या लिखाणात निराशेची चिन्हे दिसली की ते आपल्याला सूचना पाठवी. हेतू मैत्रीचा होता, पण ज्याच्यावर पाळत ठेवली जाई त्याला पत्ताच नसे. नऊ दिवसांत, ७ नोव्हेंबरला, संस्थेला ते मागे घ्यावे लागले. विरोध करणाऱ्यांत मानसिक आजारातून गेलेली माणसेच पुढे होती. आपले दुःख आपल्याला न विचारता कुणाच्या फोनवर टिंग करून वाजते, ही कल्पनाच कलंक वाढवणारी. भारतात मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला. तरी फोनवर अ‍ॅप बसवताना पानभर अटींखाली ‘मान्य’ दाबणाऱ्याला त्या वाचायला सवड नसते.

आणि फोन कुणाचा, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. जिथे फोन घराचा असतो आणि रात्री मुलाच्या हातात, दिवसा नवऱ्याच्या खिशात असतो, तिथे ‘गोपनीय चॅट’ हे शब्द पोकळ ठरतात. पेठची रचना इथे शहरी अ‍ॅपपेक्षा सरस ठरते. तिथे फोन चॅम्पियनचा होता. बाईला स्वतःच्या फोनवर काही ठेवावे लागत नव्हते आणि काही पुसावेही लागत नव्हते.

महाराष्ट्राबाहेर, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगसारख्या गावांचा विचार केला, तर हीच रचना सर्वांत जवळची वाटते. जोयडा, म्हणजे जुना सुपे तालुका, गोव्याच्या सीमेला लागून काळी नदीच्या खोऱ्यात आहे. सुपे धरणात जुने तालुक्याचे गाव बुडाले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. दाट जंगल, व्याघ्र प्रकल्प, विरळ वस्ती आणि दूरदूर पसरलेले वाडे. कुणबी, मराठा, गवळी घरांत कोकणी आणि मराठी चालते, तर दप्तराची भाषा कन्नड. रेंजसाठी टेकडी चढावी लागणे हा या तालुक्यातल्या अनेक गावांचा नित्याचा अनुभव. दर वेळी इंटरनेट मागणारे, इंग्रजीत उघडणारे अ‍ॅप इथे आलेच, तर ते दांडेलीला शिकणाऱ्या पोरांच्या फोनमध्येच राहील. आजी, सासू, जंगलाच्या कडेला शेती करणारा बाप यांच्यापर्यंत ते जाणार नाही. फोनमध्ये आधीच साठवलेल्या, घरच्या बोलीत केलेल्या चित्रफिती मात्र रेंजशिवाय चालतात, आणि त्या दाखवायला गावात आशाताई आणि अंगणवाडी ताई आहेतच. १४४१६ ला स्मार्टफोन लागत नाही, साध्या बटणांच्या फोनवरूनही तो लागतो.

भाषेची अडचण इथे दुहेरी आहे. मन मोकळे करायला घरची बोली लागते. कचेरीत चालून जाणारी कन्नड त्याला पुरत नाही. ‘जीव नकोसा झाला’ हे वाक्य दुभाष्यामार्फत सांगितले, तर त्यातले सगळे सांडून जाते, आणि दुभाषा सोयरा असेल तर मग बोलणेच खुंटते. सीमाभागातल्या मराठी माणसाला फोनवरच्या सेवेत भाषा निवडता येते, हा तिचा प्रत्यक्ष दवाखान्यापेक्षा मोठा फायदा. त्यानंतरचा टप्पा मात्र पुन्हा दवाखान्याचाच. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात येतात, आणि अधिक गंभीर रुग्णांसाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे. धारवाडचे नाव मात्र या बाजूच्या म्हाताऱ्यांना ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणूनच माहीत. अ‍ॅपने, चित्रफितीने किंवा आशाताईने पहिले काम केले, तरी त्या गेटपाशी कलंक पुन्हा भेटतो. म्हणून मंगळवारच्या ओपीडीची चिठ्ठी ताप-खोकल्याच्याच रांगेत निघणे, आणि तिच्यावर वेगळा रंग किंवा वेगळी खिडकी नसणे, हे त्या अ‍ॅपइतकेच महत्त्वाचे ठरते.